पिशवीत तांब्याची खुरपी

पिशवी भरा. तांब्याची एक खुरपी, एक हातफावडं, तीन दात्यांचा पंजा आणि लांब तोटीची एक झारी, एवढंच घ्या. चारही वस्तू तांब्याच्या जाड पत्र्यातून हाताने ठोकून केलेल्या आहेत आणि अवजारांना बाभळीच्या मुठी आहेत. तुमचा गाळा उरणजवळच्या द्रोणागिरीत, नव्या इमारतीच्या तळमजल्यावर. शटर वर करून पाटी लावलीत की पहिलं गिऱ्हाईक काय विचारणार, ते तुम्हाला आत्ताच ठाऊक आहे: लोखंडाची खुरपी किरकोळ पैशांत मिळते, मग तांब्याची कशाला घ्यायची?

कुणाच्या माहितीपत्रकात याचं उत्तर शोधू नका. ज्या माणसांनी या मुलखात तांबं आणि माती दोन्ही हाताळली, त्यांना विचारा. ती माणसं तीन हजार वर्षांत विखुरलेली आहेत, म्हणून वाट लांबची आहे. निघा.

डोळे उघडता तेव्हा घोड नदीच्या काठावर उजाडतंय. इसवी सनापूर्वी 1200 च्या आसपासचा काळ आहे. पुढे या जागेला इनामगाव म्हणतील, ती शिरूर तालुक्यात मोडेल आणि 1968 पासून पंधराएक वर्षं डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर आणि त्यांचे सहकारी ही माती थराथराने उकलतील. आत्ता मात्र इथे कुडाच्या भिंतींची, गवताने शाकारलेली चौकोनी घरं आहेत. अंगणात चूल आहे, कडेला धान्याच्या कणग्या आहेत. नदीचं पाणी शेताकडे वळवायला या लोकांनी पाट खणला आहे आणि त्याला बांध घातला आहे. पाटापलीकडे जवाचं शेत वाऱ्यावर हलतंय.

भाषा कळत नाही, तेव्हा पिशवी उघडून सरळ माल मांडा. आधी झारी काढा. तुमच्याभोवती जमलेल्या बायका हसतात, कारण ती त्यांना ओळखीची वाटते. त्यांच्याकडेही तोटीचं भांडं आहे, पण मातीचं. लाल अंगावर काळी नक्षी असलेलं हे तोटीचं भांडं जोर्वे संस्कृतीची खूण म्हणून पुढे सगळ्या अभ्यासकांना पाठ होणार आहे. पाणी कसं ओतायचं, हे यांना तुम्ही शिकवायचं कारण नाही.

मग खुरपी काढा. आता हसणं थांबतं. वस्तीच्या पश्चिमेकडच्या कारागिरांच्या घरांतून एकजण पुढे येतो, खुरपी हातात घेतो, वजन अजमावतो, पात्यावरून अंगठा फिरवतो. तुम्ही खाली वाकून माती उकरून दाखवता आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काळजी दिसते. तो तुमचा हात धरून थांबवतो. एवढं तांबं मातीत घासून झिजवायचं? त्यांच्याकडे तांबं येतं ते लांबून, हातोहात, थोडं थोडं. त्यातून पटाशी होते, मासे धरायचा गळ होतो, मणी आणि बांगड्या होतात. जोर्व्याला 1950-51 च्या उत्खननात तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, तेव्हा तो मोठाच ठेवा ठरला. ज्या घरात अशी कुऱ्हाड असेल ते घर खाऊनपिऊन सुखी समजायचं.

मग माती कशाने उकरता, असं खुणेने विचारा. तो तुम्हाला शेताकडे नेतो. टोकदार लाकूड, त्याला वजन यावं म्हणून ओवलेला भोकाचा दगड. नांगराला हाडाचा फाळ. तसा एक फाळ जवळच्या वाळकीला सापडणार आहे. कापणीला गारगोटीच्या जातीच्या दगडाची धारदार पाती, लाकडात बसवलेली. म्हणजे ज्याला आपण ताम्रपाषाणयुग म्हणतो, त्या काळातल्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने शेत केलं ते लाकूड, हाड आणि दगड यांच्या बळावर. तांब्याने शेती केली, असं तुमच्या दुकानाच्या पाटीवर लिहायचं मनात असेल तर ते इथेच सोडून द्या.

जाता जाता प्रवरेकाठच्या नेवाशाला थांबा. एक मूल गेलं आहे. त्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ घालून ते घरातच जमिनीखाली पुरताहेत. तुम्ही मान खाली घालून उभे राहा. बोलण्यासारखं काही नाही. तीन हजार वर्षांनी ही माळ वर येईल तेव्हा मण्यांच्या आतला दोरासुद्धा थोडा शिल्लक असेल, रेशीम आणि कापसाचा. एरवी असा दोरा या हवेत कुजून केव्हाच नाहीसा होतो. तांब्याच्या क्षारांनी बुरशीला आणि जिवाणूंना जवळ येऊ दिलं नाही, म्हणून तो टिकला. मला विचाराल तर तांब्याचा सगळ्यात मोठा गुण या दोऱ्यात आहे. तो लक्षात ठेवा, पुढे एका वाडीत कामाला येईल.

विदर्भात फार रेंगाळायचं नाही, पण डोकावून जा. इसवी सनापूर्वी 700 च्या सुमारास नागपूरजवळ नाईकुंडला लोखंड गाळायची भट्टी धगधगतेय. माहूरझरीला शिलावर्तुळांखाली माणसांबरोबर घोडे पुरलेले आहेत. घोड्याच्या तोंडातला लगाम लोखंडाचा, अंगावरचे दागिने तांब्याचे. कुऱ्हाडी आणि इतर कष्टाची हत्यारं लोखंडाची आहेत. इथे दोन धातूंनी कामं वाटून घेतलेली दिसतात आणि ती वाटणी आजपर्यंत फारशी बदललेली नाही. माती, लाकूड आणि दगड लोखंडाकडे गेले. तांब्याकडे पाणी, पूजा, नाणं आणि शोभा राहिली. तुम्ही पिशवीत घेऊन निघालात तो माल या वाटणीच्या विरुद्ध जाणारा आहे, आणि दुकानदाराला हे माहीत असलेलं बरं.

आता जुन्नर. इसवी सनाचं दुसरं शतक. कोकणातून नाणेघाट चढून बैलांचे तांडे वर येताहेत. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. किनाऱ्यावरच्या बंदरांत परदेशी गलबतं लागतात. भडोचला उतरणाऱ्या मालात तांबं, कथील आणि शिसं असल्याचं आधीच्याच शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहून ठेवलं आहे. त्याच्या बंदरांच्या यादीत कल्याणही आहे.

जुन्नरच्या बाजारात कासारांची श्रेणी शोधा. इथली लेणी नुसती बघून परतणारे पुष्कळ असतात. तुम्ही त्यांच्यावरचे लेख वाचा. एका लेखात भिक्षुसंघाच्या खर्चासाठी पैसा ठेव म्हणून दिल्याचं कोरलं आहे, आणि ती ठेव ठेवली आहे बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे. श्रेणीने ती रक्कम धंद्यात वापरायची आणि व्याज संघाला द्यायचं. म्हणजे भांडी ठोकणाऱ्यांवर गावाचा इतका भरवसा होता, की पिढ्यानपिढ्या चालावा असा पैसा त्यांच्या हाती सोपवला. लहान धंद्याला भांडवल कुठून येतं, याचं इथलं उत्तर फार जुनं आहे: कारागीर एकत्र उभे राहिले, शब्द पाळला आणि लोकांनी पैसा आणून दिला. तुम्ही एकट्याने गाळा चालवणार आहात. मुठी करणारा सुतार आणि पत्रा ठोकणारा तांबट यांना भागीत घेता येईल का, याचा विचार या बाजारात उभं राहून करा.

घाट उतरा आणि ओळखीच्या डोंगराखाली या. 1138 साल आहे. द्रोणागिरी तसाच आहे. हनुमंताने नेलेल्या पर्वताचा तुकडा इथे पडला, ही इथली श्रद्धा. किल्ला नाही, पोर्तुगीज नाहीत, खाडीत मचवे आहेत, आणि डोंगराच्या पायथ्याशी चाणजे गावात माडासुपारीच्या वाड्या आहेत. उत्तर कोकणावर शिलाहार अपरादित्याचं राज्य आहे आणि एक दगड कोरला जातोय. नागाव नावाच्या गावातली जमीन राजाने आपली आई लीलादेवी हिच्या पुण्यासाठी दान दिली आहे. त्याच दगडावर चाणज्यातल्या बागेचंही दान नोंदलं आहे. तुमच्या गाळ्यापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर, नऊशे वर्षांपूर्वी, एक बाग लेखात नोंदवण्याइतकी मोलाची होती.

हा लेख दगडावर आहे, पण शिलाहारांची कितीतरी दानपत्रं तांब्याच्या पत्र्यांवर आहेत. पत्र्यांना भोक पाडून त्यातून कडी ओवलेली, कडीला गरुडाची मुद्रा. आत गावाचं नाव, चारी दिशांच्या सीमा, झाडं, पाणी, घेणाऱ्याचं गोत्र. ज्या तांब्याने जमीन खणणं परवडत नव्हतं, त्याच तांब्यावर जमिनीचा हक्क लिहिला जात होता. कारण ते गंजून पडत नाही, वाळवी खात नाही, आणि शंभर वर्षांनी नातवाने काढून दाखवलं तरी अक्षर वाचता येतं. ताम्रपट खोदणाऱ्याच्या शेजारी बसा. तो तुमची खुरपी हातात घेऊन पाती निरखतो आणि पत्रा चांगला आहे म्हणतो. त्याला तेवढंच दिसतं, आणि ते बरोबर आहे.

पुढची साडेसातशे वर्षं भराभर जाऊ द्या. पोर्तुगीज येतात, डोंगरावर तट आणि चर्च बांधतात. 1674 ला रायगडावर राज्याभिषेक होतो आणि तांब्याची शिवराई गावोगावी हातात खेळू लागते. 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी, घारापुरीबरोबर उरणचं कारंजा बेटही इंग्रजांकडेच राहतं. तुम्ही 1885 ला थांबा, कारण इथून तुमच्या धंद्याची खरी शाळा सुरू होते.

पहाटे मोरा बंदरावर या. उरणची मिठागरं मागे पांढरी दिसताहेत, दारूच्या भट्ट्यांचा धूर वर चढतोय; मीठ आणि मोहाची दारू यांवर हे गाव नावारूपाला आलं आहे. भरती लागली की मचवा सुटतो आणि तुम्ही भाऊच्या धक्क्यावर उतरता. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे भाऊ, यांनी तो बांधून आता चाळीसेक वर्षं झाली. तिथून पायधुणीला तांबा काट्यावर जा. नाव सांगतं तसा इथे काटा आहे आणि तांबं आहे. विलायतेहून आलेल्या पत्र्यांच्या थप्प्या लागल्या आहेत. इथला व्यवहार वजनावर चालतो. पुण्याचे कासार इथून माल उचलतात. तुम्हीही थोडा घ्या आणि बोरीबंदरहून गाडी पकडा. बोरघाटातून लोहमार्ग 1863 पासून चालू आहे, त्यामुळे संध्याकाळच्या आत पुणं.

कसबा पेठेत तांबट आळी विचारावी लागत नाही, ती ऐकू येते. घराघरांतून हातोडे पडताहेत. पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची ही वस्ती. कालिकादेवीचं दर्शन घ्या आणि उघड्या ओट्यावर काम करणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या तांबटासमोर बसा. अवतीभवती हंडे, घागरी, घंगाळी, बंब, तपेली. पत्रा कापायचा, सांधा झाळायचा, भट्टीत लाल करायचा, पाण्यात बुडवायचा, चिंचेच्या पाण्याने उजळायचा आणि मग ठोकायचा. शेवटी मठार: गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकसारखे ठोके ओळीत बसवत जायचं, आणि सगळ्या भांड्यावर लहान लहान चकाकते पैलू उमटतात. लोकांना ती नक्षी वाटते. म्हाताऱ्याला ती नक्षी वाटत नाही.

“ही ताकद आहे,” तो म्हणतो. “पोलाद तापवून पाण्यात घातलंत की कडक होतं. तांबं तापवून पाण्यात घातलंत की मऊ पडतं. याला कडकपणा हातोड्यानंच द्यायचा, तोही थंड असताना. मठार नसलेला हंडा दाबला की चेपतो.”

तुमची खुरपी त्याच्यापुढे धरा. तो ती नखाने वाजवतो, पात्याची कड उजेडात धरतो आणि ऐरणीवर ठेवून कडेकडेने हलके ठोके मारत जातो. पातं किंचित पातळ होतं, कड सरळ येते. मग तो तुम्हाला चार गोष्टी सांगतो, ज्या कुठल्याही अभ्यासक्रमात एकत्र सापडणार नाहीत. धार गेली की नुसती कानस लावत बसू नका, आधी कड ठोकून घ्या, मग कानस. रिव्हेट तांब्याचीच घाला. लोखंडाची घातलीत तर समुद्राच्या दमट हवेत तांब्याशेजारचं लोखंड लवकर खाल्लं जातं आणि मूठ हलते. फार जाड पत्रा घेऊ नका, हात दुखतो. तांबं लोखंडापेक्षा जड. आणि मुरमात, जांभ्यात ही खुरपी चालवू नका, पातं वळेल.

“मग कुठे चालवायची?”

“जिथं माती हाताला ऐकते तिथं,” तो म्हणतो. “तुळशीवृंदावनात, वाफ्यात, रोपं उपटून लावताना.”

किंमत कशी लावायची, तेही त्याच ओट्यावर शिकून घ्या. एक बाई जुनी फुटकी घागर घेऊन येते. घागर काट्यावर चढते, मोडीचा भाव ठरतो, तेवढी रक्कम नव्या तपेल्याच्या किमतीतून वजा होते. धातूचा भाव वेगळा सांगितला जातो, मजुरी वेगळी. बाई मजुरीवर घासाघीस करते, वजनावर नाही. भांडं फुटलं तरी त्यातला पैसा घरातच राहतो, ही खात्री तिने तांब्याबरोबर विकत घेतलेली असते. माझ्या मते तुमच्या सगळ्या धंद्याचा पाया या व्यवहारात आहे. लोखंडाची खुरपी झिजली की भंगारात चार-आठ आण्यांची. तांब्याची झिजली तरी तिचं वजन पैसा आहे.

विसाव्या शतकात शिरा. 1930 च्या 25 सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरात जंगल सत्याग्रह होतो. गावकरी हातात लोखंडी कोयते-कुऱ्हाडी घेऊन सरकारी बंदी मोडायला रानात जातात आणि पोलीस गोळीबार करतात. अवजार ही सरकारला भीती वाटावी अशी वस्तू असू शकते, हे या दिवशी उरणने पाहिलं.

मग मिरगाच्या आधीचे दिवस निवडा आणि श्रीवर्धनला सुपारीच्या वाडीत जा. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव आहे. पण पाऊस लागला की कोवळ्या फळांवर बुरशी चढते, घोसच्या घोस गळून पडतात. कोळे रोग म्हणतात त्याला. त्यावरचा इलाज तांब्याचा आहे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी: एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1885 मध्ये द्राक्षावरचा हा उपाय जगापुढे मांडला. म्हणजे तुम्ही तांबट आळीत मठार बघत होतात, तेच साल.

मिश्रण कालवणाऱ्या माणसाकडे नीट बघा. मोरचूद तो मातीच्या किंवा लाकडी भांड्यात विरघळवतो, लोखंडाच्या बादलीत कधीच नाही, कारण लोखंड त्यातलं तांबं ओढून घेतं. चुन्याची निवळी वेगळी करतो. दोन्ही एकत्र झाल्यावर चाकूचं स्वच्छ पातं आत धरतो. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. नाही आला तर फवारणी सुरू. गडी कमरेला दोर बांधून पोफळीवर चढतो आणि घोस निळसर होतात. नेवाशाच्या बाळाच्या गळ्यातला दोरा ज्या गुणाने टिकला, त्याच गुणाने ही सुपारी झाडावर टिकते. तांब्याने बागेची सगळ्यात मोठी चाकरी केली ती अशी, विरघळून. आणि इथे एक इशाराही आहे: वर्षानुवर्षं अशी फवारणी झालेल्या जमिनीत तांबं साठत जातं आणि जास्त झालं की मुळांना आणि गांडुळांना त्रास देतं. तांबं जितकं जास्त तितकं झाडाला चांगलं, असं कुणी म्हणालं तर त्याला द्राक्षबागेच्या मातीचा अहवाल मागा.

आता घरी परत येण्याआधी एक मुक्काम उरला आहे, आणि तो टाळून द्रोणागिरीत धंदा करता येत नाही. 1984 चा जानेवारी. सिडको 1970 मध्ये स्थापन झाली, नव्या शहरासाठी आणि बंदरासाठी इथल्या आगरी, कोळी, कराडी गावांच्या भातजमिनी आणि मिठागरं संपादन होताहेत. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी रस्त्यावर आहेत. 16 आणि 17 जानेवारीला जासई आणि नवघर परिसरात गोळीबार होतो आणि पाच माणसं जातात. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व आलं. 1989 मध्ये बंदर सुरू झालं. एका ओटीवर म्हातारी आजी बसली आहे. भाताचा विळा अजून भिंतीला टांगलेला आहे. “शेतान भराव परला, पोरा,” ती म्हणते. तिच्या अंगणात तेलाच्या डब्यांत मिरची आणि अळू आहे. तिला खुरपी दाखवा. ती तुमच्या खुरपीची किंमत विचारत नाही. हातात घेऊन अळूभोवतीची माती सैल करते आणि परत देते. तिच्या हाताला ते काम कुणी शिकवायला नको.

आजचं द्रोणागिरी याच भरावावर उभं आहे. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकल सुरू झाली आणि द्रोणागिरी नावाचं स्टेशन नकाशावर आलं. कंटेनरच्या रांगांपलीकडे नव्या इमारती आहेत, त्यांच्या बाल्कन्यांत कुंड्या आहेत. कुंड्यांत लाल माती, शेणखत, कोकोपीट. म्हणजे तांबटाने सांगितली होती तशी, हाताला ऐकणारी माती. आणि खाडीवरून येणारा खारा वारा, ज्यात लोखंडी खुरपी एका पावसाळ्यात तांबेरते. तांबं गंजून झडत नाही. त्यावर तपकिरी, मग हिरवट थर येतो आणि तो थर आतल्या धातूला सांभाळतो. चकाकी हवी असेल त्याने चिंच-मीठ लावावं. तुमच्या मालाला जागा आहे ती इथे. तेवढीच आहे, आणि ती पुरेशी आहे.

म्हणून गिऱ्हाईकाला खरं तेच सांगा. ऑस्ट्रियातल्या व्हिक्टर शाउबर्गर नावाच्या वनाधिकाऱ्याने लोखंडाने जमिनीचं पाणी बिघडतं आणि तांब्याने पीक वाढतं, असं मांडलं. युरोपात तांब्याच्या बागकाम-अवजारांचा धंदा त्याच्या नावावर उभा राहिला. पण शास्त्रीय कसोटीवर ते सिद्ध झालेलं नाही. गोगलगायी तांब्याला भिऊन पळतात, असंही सांगतात. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने कुंड्यांना तांब्याच्या पट्ट्या लावून 2018 मध्ये निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा फरक पडला नाही असं दिसलं. पावसाळ्यात आपल्याकडच्या शंखी गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन हाताने वेचणंच बरं. झारीत साधं पाणी घालायचं. ताक, जीवामृत किंवा कुठलंही आंबट द्रावण त्यात ठेवायचं नाही, तांबं सुटतं.

हिशेबही उघडा ठेवा. मे 2024 मध्ये लंडनच्या धातुबाजारात तांब्याने टनामागे 11,000 डॉलरची पातळी पहिल्यांदा ओलांडली, तेव्हा तुमच्या पत्र्याचा भाव द्रोणागिरीत ठरत नाही हे उघड आहे. पावतीवर वजन लिहा, धातूची किंमत वेगळी आणि मजुरी वेगळी दाखवा. मोड परत घेण्याची हमी छापून द्या. कड ठोकून देण्याची सोय ठेवा. करसल्लागाराला पहिल्याच महिन्यात भेटा: हाताने चालवायच्या शेती-अवजारांवर जीएसटी नाही, पण तांब्याच्या पत्र्यावर 18 टक्के आहे, आणि विक्री करमुक्त असली की खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. लहान दुकान बुडतं ते बऱ्याचदा अशा फटीतून.

माल घ्या तो तांबट आळीतून. स्टेनलेस स्टीलने हंडे-घागरी घरांतून हटवल्या, गिझरने बंब हटवला. आळीतले हातोडे कमी झाले, मुलं नोकऱ्यांना गेली. वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेच्या पुणे शाखेने आणि काही नव्या उद्योजकांनी या कारागिरांबरोबर नव्या वस्तू घडवल्या, म्हणून मठार अजून हातात आहे. खुरपी आणि झारी हे त्यातलं पुढचं काम होऊ शकतं.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी. केंद्र सरकारने 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात 18 व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारांसाठी मदत आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळतं. त्या यादीत लोहार आहे, सोनार आहे, कुंभार आहे, कुलूप करणारा आहे. तांबट नाही. त्याचं नाव त्या यादीत घाला, एवढं आपल्या आमदार-खासदारांना लिहून कळवा.